बरगंडीची उतरंड: लेबलवर जमिनीचा दर्जा, मग वाइन कुणाची?

अनवट

मागच्या वाइनच्या धाग्यात बोर्दोवर भरपूर बोलून झालं आणि फ्रान्सचा दुसरा मोठा वाइन प्रदेश, बरगंडी, राहून गेला. ते एका प्रतिसादात मावलंही नसतं, म्हणून हा वेगळा धागा. पिण्याबद्दल कमी, लेबलाबद्दल जास्त.

ढोबळ नियम असा: लेबलवर छापलेली जागा जितकी लहान, तितकी बाटली वरच्या दर्जाची. नुसतं 'बूर्गोन्य' (बरगंडीचंच फ्रेंच नाव) असेल तर द्राक्षं त्या प्रदेशात कुठूनही आलेली असू शकतात. हा तळ, जवळपास निम्मं उत्पादन याच पायरीवर होतं. त्याच्या वर गाव: मर्सो, पोमार, व्होल्ने, व्होन-रोमाने वगैरे, अशी ४४ नावं. त्याच्या वर प्रमिए क्र्यू, म्हणजे गाव तेच पण शिवारातला अमुक एक तुकडा. तिथे तुकड्याला 'क्लिमा' म्हणतात. प्रमिए क्र्यू क्लिमा साडेसहाशेच्या वर आहेत आणि उत्पादन दहा टक्क्यांच्या आसपास. शेंड्याला ग्राँ क्र्यू, फक्त ३३, सगळ्यांचं मिळून जेमतेम एक-दीड टक्का. यांच्या लेबलवर गावाचं नाव येतच नाही. 'म्यूझिन्यी', 'शाँबेर्तँ', 'मोंराशे', संपलं. ज्याला माहीत त्याला माहीत, बाकीच्यांनी विचारत बसावं.

एक बारकावा बहुतेक लेखांत सुटतो. कायद्याच्या हिशेबात प्रमिए क्र्यू ही स्वतंत्र अपेलासियाँ (कायद्याने हद्द आणि नियम ठरवून दिलेलं जागेचं नाव) नाही, ती गावाच्या अपेलासियाँच्या पोटात येते. ग्राँ क्र्यू मात्र प्रत्येक स्वतंत्र. म्हणून ७ प्रादेशिक, ४४ गावांच्या आणि ३३ ग्राँ क्र्यू अशी बेरीज ८४ होते आणि ते साडेसहाशे तुकडे त्या बेरजेत कुठेच दिसत नाहीत.

आता हे जमिनीवर बघा. दिजोंहून दक्षिणेला बोनच्या दिशेने निघालं की उजव्या हाताला टेकड्यांची सलग रांग लागते. हाच कोत दॉर. लांबी पन्नासेक किलोमीटर, पण द्राक्षाचा पट्टा काही ठिकाणी किलोमीटरभरही रुंद नाही. रस्त्याच्या डावीकडे सपाटी, चिकण माती, पाणी धरून ठेवणारी. तिथलं बरचसं पीक 'बूर्गोन्य' म्हणून विकलं जातं. उजवीकडे चढ सुरू झाला की गावाचा दर्जा, मग माती पातळ होऊन खालची चुनखडी जवळ येते तिथे प्रमिए क्र्यू. टेकडीच्या कमरेवर, साधारण २५० ते ३०० मीटर उंचीवर, पूर्वेकडे तोंड करून बसलेल्या पट्ट्यात ग्राँ क्र्यू. त्याच्या वर गेलात की माती उरत नाही, गारठा वाढतो, दर्जा पुन्हा खाली येतो आणि माथ्यावर नुसतं रान. थोडक्यात, सगळ्यात उंच ती सगळ्यात भारी असं इथे नाही.

व्होन-रोमाने गावामागे रोमाने-कोंती आहे १.८१ हेक्टर, म्हणजे साडेचार एकर. त्याच्या डोक्यावर ला रोमाने, हेक्टरभरही नाही, दोन एकराला जरा जास्त. या दोन एकरांना स्वतःची अपेलासियाँ, स्वतःची हद्द आणि स्वतःचे नियम आहेत.

माझं म्हणणं एवढंच की ही सगळी दर्जाबंदी जमिनीची आहे. बाटलीत काय भरलंय त्याची नाही. हा फरक ध्यानात नसेल तर बरगंडीत पैसे बुडवायला वेळ लागत नाही.

बंड्या०७

दोन एकरांना स्वतःचे नियम! आमच्याकडे दोन एकरांना चार भाऊ आणि पाच केसेस असतात.

पण मला एक कळलं नाही. रोमाने-कोंतीचा मालक एकच आहे ना? मग नाव मालकाचं झालं, जमिनीचं कसलं कौतुक?

अनवट

@बंड्या०७, एकाच मालकाचा अख्खा क्लिमा असेल तर त्याला 'मोनोपोल' म्हणतात. रोमाने-कोंती, ला ताश, ला रोमाने, मोरे-सँ-दनीतला क्लो द तार ही ठळक उदाहरणं. क्लो द तार ११४१ मध्ये नन्सच्या मठाकडे गेला आणि तेव्हापासून आजवर त्याचे मालक फक्त चार झाले. शेवटची विक्री २०१७ची, फ्राँस्वा पिनो यांच्या कंपनीला.

पण मोनोपोल हे अपवाद. बाकी ठिकाणी तुम्ही म्हणता तीच गत आहे. क्रांतीनंतर चर्चच्या आणि सरदारांच्या जमिनी सरकारजमा होऊन लिलावात निघाल्या आणि १८०४च्या नेपोलियनच्या संहितेने सगळ्या मुलांना समान वाटा दिला. दर पिढीला वाटण्या. आज कुणाच्या नावावर एखाद्या ग्राँ क्र्यूतल्या तीन-चार ओळी असतात, त्यातून वर्षाला एखादं पिंप निघतं. तिथलं पिंप २२८ लिटरचं, म्हणजे तीनशे बाटल्या.

क्लो द वूजोवर दिजोंकर ताईंनी लिहावं, त्या तिथेच राहतात.

दिजोंकर

हाक मारलीत म्हणून लिहिते, नाहीतर वाचतच होते.

क्लो द वूजो आमच्याकडून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. 'क्लो' म्हणजे भिंतीने बंदिस्त मळा, आणि ही भिंत अजून उभी आहे. सीतोच्या मठातले सिस्टर्सियन साधू (मठ १०९८चा) बाराव्या शतकापासून इथे एकेक तुकडा मिळवत गेले आणि सगळं मिळून भिंत घातली. आत ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकर. ही अख्खी जमीन ग्राँ क्र्यू आहे आणि तिचे मालक आज ऐंशीच्या आसपास.

गंमत तिथे चालल्यावर कळते. रस्त्यालगतच्या खालच्या दारातून आत शिरलात की पाऊस पडून गेलेला असेल तर बुटाला चिखलाचा गोळा चिकटतो. इथली माती जड, खोल. वर निघा. चढ इतका मंद की दम लागत नाही, पण पायाखालचा आवाज बदलतो. निम्म्यावर गेल्यावर खडे लागायला लागतात, आणि वरच्या टोकाला जुन्या दगडी वाड्यापाशी पोचेपर्यंत माती फिकी आणि भुसभुशीत झालेली असते, मध्ये मध्ये चुनखडीचे पांढरे तुकडे. वाड्यात साधूंचे लाकडी दाबयंत्र आहेत, एकेक तुळई पाहून माणूस गप्प होतो. भिंतीपलीकडे वर म्यूझिन्यी आणि शेजारी ग्राँझ एशेझो. म्हणजे वरच्या टोकाचे शेजारी खानदानी, खालच्या टोकाला राज्य रस्ता आणि त्याच्या पलीकडे साधी बूर्गोन्य.

भिंतीबाहेर जो नियम अनवट यांनी सांगितला तो इथे भिंतीने अडवलाय. रस्त्याला लागून असलेली अशी जड, सपाट जमीन दुसऱ्या गावात गावाच्या दर्जालाही मुश्किलीने गेली असती. इथे ती ग्राँ क्र्यू, कारण साधूंनी भिंत तिथवर नेली होती. साधू स्वतः अख्ख्या मळ्याचं पीक मिसळून वाइन करायचे म्हणतात, त्यामुळे त्यांना अडचण नव्हती. (वरची पोपसाठी, मधली राजासाठी आणि खालची साधूंसाठी अशी एक दंतकथाही आहे, गाइड लोक रंगवून सांगतात.) आता ऐंशी जण आपापल्या ओळींची वाइन करतात आणि सगळ्यांच्या लेबलवर तेच एक नाव.

तिरकस

म्हणजे ग्राहकाने ग्राँ क्र्यूचे पैसे मोजायचे आणि चिखलाची वाइन घरी आणायची. छान आहे.

आणि त्या साधूंनी म्हणे जिभेवर माती ठेवून हद्दी आखल्या. इथेही कुणीतरी ते लिहिणार, त्याआधीच विचारतो: याला पुरावा काय?

अनवट

माती चाखण्याची गोष्ट मलाही पटत नाही. पण साधूंकडे दोन गोष्टी होत्या ज्या एरवीच्या शेतकऱ्याकडे नव्हत्या: पिढ्यानपिढ्या न तुटणारी मालकी आणि लिहून ठेवायची सवय. कोणत्या कोपऱ्यात दव गोठतं, कुठली द्राक्षं आठवडाभर आधी पिकतात, हे शे-दोनशे वर्षं पाहिलं की चाखायची गरज राहत नाही.

आजच्या यादीचा वंश मात्र तपासता येतो. डॉ. झ्यूल लाव्हाल यांनी १८५५ मध्ये कोत दॉरच्या मळ्यांची प्रतवारी छापली. तिच्या आधारे बोनच्या कृषी समितीने १८६१ मध्ये नकाशा काढला, तुकड्यांचे तीन दर्जे लावून. पुढे फिलॉक्सेरा किडीने वेली गेल्या आणि बाजारात बनावट 'बरगंडी'चा सुकाळ झाला, दक्षिणेची नाहीतर अल्जीरियाची वाइन मिसळून. व्होल्नेचे मार्की दांझेरव्हील आणि न्वी-सँ-जॉर्जचे आँरी गूज यांच्यासारखे काही उत्पादक त्याविरुद्ध व्यापाऱ्यांशी भांडले, कोर्टातही गेले. शेवटी ३० जुलै १९३५चा हुकूम आला, जोझेफ काप्यू यांच्या पुढाकाराने. त्यातून अपेलासियाँची राष्ट्रीय समिती उभी राहिली, तीच आजची इनाओ. बरगंडीच्या बहुतेक मोठ्या अपेलासियाँ १९३६-३७च्या. प्रमिए क्र्यूची पायरी १९४३ची, जर्मन ताब्यातली. वरच्या दर्जाच्या वाइनला जप्ती आणि बांधलेल्या भावातून थोडी सूट मिळावी म्हणून ती घाईने आखली असं सांगतात.

तेव्हा पुरावा मातीचा थोडा, आणि जुन्या बाजारभावाचा बराच. ज्या तुकड्याची वाइन शंभर वर्षं महाग विकली गेली तो वर गेला.

मीरा_जो

गावांच्या जोडनावांचं कुणी लिहिलं नाही अजून! ज्यवरे हे साधं गाव. शेजारचा शाँबेर्तँ मळा जगप्रसिद्ध. १८४७ मध्ये गावाने राजा लुई-फिलिपकडून परवानगी मिळवली आणि मळ्याचं नाव स्वतःला जोडून घेतलं: ज्यवरे-शाँबेर्तँ. मग काय, रांगच लागली. व्होनने रोमाने लावलं, शाँबोलने म्यूझिन्यी, आलोक्सने कॉर्तों. मोंराशे मळा प्यूलिन्यी आणि शासान्य या दोन गावांच्या हद्दीवर, तर १८७९ मध्ये दोघांनीही तेच नाव लावलं. मोरेने सगळ्यात उशिरा, १९२७ मध्ये, सँ-दनी घेतलं.

त्यामुळे दुकानात 'प्यूलिन्यी-मोंराशे' पाहून मोंराशे स्वस्तात मिळाली असं समजू नका. जोडचिन्ह असेल तर ते गाव आहे. मात्र 'शव्हालिए-मोंराशे', 'बातार-मोंराशे' यांतही जोडचिन्ह आहे आणि ते ग्राँ क्र्यू आहेत, तेव्हा माझा नियमही फार ताणू नका. :)

तिरकस

नियम सांगायचा आणि त्याच वाक्यात मोडायचा, ही खास फ्रेंच पद्धत धाग्यालाही लागली.

गोडीछाटणी

राम राम मंडळी. मी दिंडोरीकडचा, वाइनची द्राक्षं करतो, कंपनीला घालतो. वाइन पितो कमीच. पण तुमच्या चर्चेत शेताचं काहीच आलं नाही म्हणून विचारतो. दर्जा कागदावर मिळाला, पण मग मालकाला काय बंधन? का नुसता शिक्का?

अनवट

@गोडीछाटणी, हा प्रश्न खरं तर मूळ लेखातच यायला हवा असा आहे. बंधनं भरपूर आहेत. वाण ठरलेला: रेडला पिनो न्वार, व्हाइटला शार्दोने, तळाच्या पायऱ्यांवर गामे आणि आलिगोते. उताऱ्याला वरची मर्यादा: ग्राँ क्र्यू रेडला हेक्टरी ३५ ते ३७ हेक्टोलिटरच्या आसपास, गावाच्या रेडला चाळिशीच्या घरात, प्रादेशिकला पन्नाशीच्या वर. वर जाल तसं पीक कमी घ्यायचं. द्राक्षात पिकल्यावर साखर किती असावी याची किमान पातळीही पायरीगणिक चढती. छाटणीची पद्धत ठरलेली. आणि कोत दॉरमध्ये हेक्टरी नऊ-दहा हजार वेली.

गोडीछाटणी

एकरी चार हजार वेली! आमच्याकडे एवढी दाटी कुणी करत नाही, ट्रॅक्टर घालायचा कुठून?

पाणी किती देतात?

दिजोंकर

देतच नाहीत, काका. बरगंडीत अपेलासियाँच्या मळ्याला सिंचन मना आहे. पडेल त्या पावसावर. ट्रॅक्टर म्हणाल तर ओळींवरून टांगा टाकून चालणारे उंच ट्रॅक्टर असतात, वेल मधून जाते. काही जण परत घोड्याने नांगरतात, माती दबू नये म्हणून.

गोडीछाटणी

ठिबक नाही म्हणजे कमाल आहे. आमच्याकडे वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलला खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, आणि काढणी थंडीत. तुमच्या त्या लोकांची सप्टेंबरात. म्हणजे वेलीचं वर्षच वेगळं, त्यांचे नियम उचलून इथे लावता येणार नाहीत हे आधी सांगतो. कुठल्याशा मीटिंगला एक साहेब तसंच काही बोलत होते.

पण जमिनीला दर्जा देण्याची कल्पना मला आवडली. 'नाशिक व्हॅली वाइन' हे भौगोलिक मानांकन आपल्याकडे आहे. ते अख्ख्या भागाला एकच. आत पायऱ्या नाहीत. डोंगराच्या पायथ्याची मुरमाड जमीन आणि गोदाकाठची काळी, दोन्हींचा माल कागदावर सारखा. बाटलीवर गावाचं नाव दिसलं तरी ते कंपनीने ठेवलेलं, कायद्याने दिलेला दर्जा नव्हे. भाव ठरतो तो वाणावर आणि काट्यावर साखर किती लागली त्यावर. मुरमाडवाल्याचा माल कमी निघतो, मणी बारीक, चव दाट. त्याला जास्तीचं काही मिळत नाही, म्हणून तोही पाणी वाढवतो. माणूस काय करणार?

शंतनू_आठवा

गोडीछाटणी काकांचा प्रतिसाद धाग्यातला सर्वोत्तम. कमी पीक घेणाऱ्याला जास्त भाव मिळाला तरच उताऱ्याची मर्यादा टिकते, हे पुस्तकात शोधावं लागतं.

बोर्दोशी तुलना राहिली आहे म्हणून थोडं. बोर्दोची १८५५ची यादी शातोंची आहे, म्हणजे मालमत्तेची. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी भाव पाहून लावली. त्या शातोने उद्या शेजारची जमीन विकत घेऊन त्याच गावाच्या हद्दीत मळा वाढवला तरी दर्जा तोच राहतो. बरगंडीत असं चालत नाही. मळ्याची हद्द ठाम, मालक येतात-जातात. १८५५च्या यादीत बढती एकदाच झाली म्हणायला हरकत नाही, १९७३ मध्ये मूतोन-रोत्शिल्ड. बोर्दोतलंच सँतेमिल्यों मात्र दर दहा वर्षांनी यादी नव्याने लावतं, आणि दर वेळी कोर्टकचेऱ्या. शव्हाल ब्लाँ, ओझोन आणि आँझेल्युस हे तिघे तर २०२२च्या यादीआधी स्वतःहून बाहेर पडले.

न बदलणारी यादी अन्यायकारक आणि बदलणारी यादी कटकटीची. बरगंडीने पहिली निवडली, इतकंच.

मीरा_जो

अगदीच न बदलणारी नाही हं. मोरेतला क्लो दे लाँब्रे १९८१ मध्ये ग्राँ क्र्यू झाला. आणि ला ग्राँद र्यूची गोष्ट ऐका. हा तुकडा म्हणजे रोमाने-कोंती आणि ला ताश यांच्या मधली अरुंद पट्टी, दीड हेक्टरच्या थोडी वर. दोन्हीकडे जगातली सगळ्यात महाग जमीन. १९३३ मध्ये लामार्श घराण्यातल्या मुलाला ही पट्टी लग्नात आहेर म्हणून मिळाली. आहेर असावा तर असा! तीन वर्षांनी दर्जे ठरले तेव्हा घरच्यांनी ग्राँ क्र्यूसाठी अर्जच केला नाही, वरच्या दर्जाला कर जास्त पडेल म्हणून, असं सांगतात. मग साठेक वर्षं ती प्रमिए क्र्यू राहिली आणि १९९२ मध्ये ग्राँ क्र्यू झाली. माती तीच.

अनवट यांनी वर ज्यांचा उल्लेख केलाय ते आँरी गूज हद्दी ठरवण्याच्या कामात पुढे होते. आपल्याच गावाला झुकतं माप दिल्याचा ठपका नको म्हणून त्यांनी न्वी-सँ-जॉर्जला ग्राँ क्र्यू मागितलाच नाही, अशीही हकिगत आहे. मूळ यादीत त्या गावाला एकही मिळाला नाही. पोमार, व्होल्ने, मर्सो यांनाही नाही.

तिरकस

म्हणजे एकाने कर वाचवला, दुसऱ्याने इभ्रत वाचवली, साधूंनी भिंत लांब नेली आणि आपण त्याला 'मातीचा गुण' म्हणतो. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध करताय.

अनवट

@तिरकस, अर्धा सिद्ध झाला. कडेकडेच्या केसेस अशाच आहेत आणि त्या मुद्दाम सांगायलाच हव्यात. पण गाभा पाहा. शाँबेर्तँ, म्यूझिन्यी, मोंराशे, रोमाने-कोंती यांच्या जागेबद्दल लाव्हालच्या आधीपासून आजपर्यंत कुणी गंभीरपणे भांडलेलं नाही. बाजारही यादीला आंधळेपणाने मानत नाही. शाँबोलमधला लेझ आमुरझ आणि ज्यवरेतला क्लो सँ-जाक हे दोन्ही कागदावर प्रमिए क्र्यू, पण भाव कित्येक ग्राँ क्र्यूंच्या वर. उलट क्लो द वूजोच्या काही बाटल्या बऱ्या प्रमिए क्र्यूपेक्षा स्वस्त मिळतात. यादी चुकते तिथे दुकानदार दुरुस्ती करतो.

आणि उलटं उदाहरण फार बोलकं आहे. म्यूझिन्यीचा अगदी छोटा भाग शार्दोनेचा, कोत द न्वीतला (कोत दॉरच्या उत्तरेकडच्या भागातला) एकमेव व्हाइट ग्राँ क्र्यू, आणि तो कोंत जॉर्ज द व्होग्युए या एकाच घराण्याकडे. त्यांनी तिथे नव्याने लागवड केली आणि वेली कोवळ्या आहेत म्हणून वीसेक वर्षं ती वाइन लेबलवर नुसती 'बूर्गोन्य ब्लाँ' लिहून विकली. ग्राँ क्र्यू लिहायचा हक्क होता, लिहिलं नाही. म्यूझिन्यी ब्लाँ हे नाव परत आलं ते २०१५च्या पिकापासून. दर्जा ही वरची मर्यादा आहे; खाली उतरायला कुणी अडवत नाही, वर चढता येत नाही.

शंतनू_आठवा

याच कागदपत्रांमुळे एक मोठा ठग सापडला, ते इथे हवंच. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात पोन्सो घराण्याच्या क्लो सँ-दनीच्या जुन्या बाटल्या आल्या, १९४५ ते १९७१ या काळातल्या म्हणून. लोराँ पोन्सो स्वतः विमान पकडून तिथे पोचले, कारण त्यांच्या घराण्याने ऐंशीच्या दशकाआधी क्लो सँ-दनी कधी केलीच नव्हती. बाटल्या मागे घेतल्या गेल्या. त्या आणणारा रूडी कुर्नियावान २०१३ मध्ये दोषी ठरला, पुढच्या वर्षी दहा वर्षांची शिक्षा झाली. चव कशी आहे याचा प्रश्नच आला नाही. कुणाची जमीन कधीपासून एवढ्यावर भांडाफोड झाली.

बंड्या०७

हे भारीच. आता माझ्यासारख्याने काय घ्यावं ते सांगा. बहीण नाताळात पॅरिसहून येतेय, एक बाटली आणणार म्हणते. बजेट माणसाचं आहे, सुलतानाचं नाही.

दिजोंकर

@बंड्या०७, मोठ्या गावाची स्वस्त बाटली घेऊ नका आणि विमानतळावरून तर अजिबात नको. त्यापेक्षा लहान गावातली चांगली घ्या. व्हाइट हवी असेल तर सँतोबँ. त्यातला आँ रमिली हा प्रमिए क्र्यू मोंराशेच्याच टेकडीवर, शव्हालिए-मोंराशेला लागून आहे, भाव मात्र बराच खाली. रेडला मार्साने, किंवा दक्षिणेकडचं जिव्हरी, मेर्क्यूरे. पुयी-फुइसेत २०२०च्या पिकापासून २२ क्लिमांना प्रमिए क्र्यू मिळालाय, दक्षिण बरगंडीच्या माकोने भागातले ते पहिलेच. तिथे अजून डोकं फिरवणारे भाव नाहीत.

चांगल्या माणसाची साधी 'बूर्गोन्य' ही तर आमच्या घरची नेहमीची. कित्येकदा गावाच्या हद्दीला खेटून असलेल्या ओळींची असते.

मीरा_जो

आणि शाब्ली विसरू नका. तिथे उतरंड वेगळी लागते: पती शाब्ली, शाब्ली, शाब्ली प्रमिए क्र्यू, शाब्ली ग्राँ क्र्यू. कोत दॉरपासून शंभरेक किलोमीटर लांब, थंडी जास्त, फक्त शार्दोने. सरँ नदीकाठी एकाच उतारावर सात नावं: ब्लाँशो, बूग्रो, ले क्लो, ग्रनुय, प्रज, व्हाल्म्यूर, व्होदेझीर. ही साती मिळून कायद्याने एकच ग्राँ क्र्यू धरतात. लेबलवर 'शाब्ली' राहतंच, म्हणजे अनवट यांचा 'गावाचं नाव येतच नाही' हा नियम इथे लागू नाही. तिथल्या चुनखडीत बोटाच्या नखाएवढे शिंपल्यांचे जीवाश्म दिसतात, हे खरं आहे. वाइनमध्ये त्याची चव लागते का, यावर वेगळा धागा काढा, मी येणार नाही.

बंड्या०७

बहिणीने दुकानातूनच एक फोटो पाठवलाय. वर मोठ्या अक्षरात 'मर्सो', खाली बारीक अक्षरात कसलंसं आणखी एक नाव. हा प्रमिए क्र्यू धरायचा का?

अनवट

'प्रमिए क्र्यू' किंवा '1er' असं कुठेही छापलेलं नसेल तर नाही. गावाच्या पायरीवरच्या वाइनलाही शेताचं नाव लिहायची मुभा आहे, फक्त अक्षर गावाच्या नावापेक्षा बरंच लहान ठेवावं लागतं. मर्सोत अशी नावं खूप आणि त्यातली काही उत्तम आहेत. 'व्हिएय व्हीन्य', म्हणजे जुन्या वेली, असं लिहिलं असेल तर त्यावर जाऊ नका. किती वर्षांची वेल जुनी याची व्याख्या कायद्यात नाही.

आता सगळ्यात खालची ओळ वाचायला सांगा, ती लोक सोडून देतात. 'मी आँ बुतेय ओ दोमेन' असेल तर ज्याने पिकवली त्यानेच भरली. नुसतं 'मी आँ बुतेय पार' आणि पुढे एखादं नाव असेल तर बहुधा व्यापाऱ्याने द्राक्षं किंवा वाइन विकत घेऊन भरली आहे. तेही वाईट नसतं, पण मग त्या नावाची चौकशी करूनच पैसे द्या. नाव इथे टाका, दिजोंकर ताईंना माहीत असेल.

दिजोंकर

टाका. अर्ध्या तासात टाकलंत तर बहीण दुकानात असेपर्यंत सांगते. दुपारी काही दुकानं जेवायला बंद होतात.